तुरुंगात मिळालेल्या पदवीचे पुढे काय?

पुण्याहून निघालेली एसटी नीरेचा पूल ओलांडून शिरवळला पोचते आणि तेथून सातारा जिल्हा सुरू होतो. खंडाळा तालुक्याची ही उत्तरेकडची वेस. येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहातून शिक्षा भोगून सुटणारा सातारा-सांगलीकडचा माणूस बहुधा याच रस्त्याने घरी परततो. त्याच्या पिशवीत सुटकेचा कागद असतो, आतल्या कामाच्या मजुरीतून उरलेले थोडे पैसे असतात आणि अलीकडे काही जणांच्या पिशवीत मुक्त विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्रही असते. पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग घरी पोचेपर्यंत होतो. तिसऱ्या कागदाचा उपयोग नेमका कोठे होतो, या प्रश्नाकडे मात्र शासनाचे, विद्यापीठांचे आणि समाजाचेही फारसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न खंडाळ्याच्या वेशीवर उभे राहून विचारण्याला कारण आहे. शिरवळपासून जवळच नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म तेथे झाला. ज्यांना शिकविणे हेच पाप समजले जात होते, त्यांना शिकविण्याचे काम सावित्रीबाईंनी अंगावर शेण-माती झेलून केले. शिक्षणाचा अधिकारी कोण, हा वाद या तालुक्याच्या मातीला नवा नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते क्रांतिसिंह नाना पाटील अनेकदा तुरुंगात जाऊन आलेले. अर्थात स्वातंत्र्यसैनिकाचा तुरुंगवास आणि खून, दरोडा किंवा अपहरणाच्या गुन्ह्यातील शिक्षा यांची तुलना कोणी करू नये. मात्र तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाला शाळा-महाविद्यालयाने परत आत घेतले, तर काय घडू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरणही याच परिसरातले आहे.

देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९३२ मध्ये कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते. चळवळीतील सहभागाबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये झाली. तेथे आचार्य भागवतांसारखे शिक्षक भेटले, संस्कृत काव्यापासून मार्क्सपर्यंतचे वाचन झाले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांविषयी आपुलकीने लिहिले आहे. सुटल्यावर ते पुन्हा शाळेत गेले, १९३४ मध्ये मॅट्रिक झाले, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये बी.ए. आणि नंतर पुण्याहून कायद्याची पदवी घेतली. आज महाराष्ट्राच्या कारागृहांत पदवी अभ्यासक्रम पोचविणाऱ्या दोन प्रमुख संस्थांपैकी एक, नाशिकचे मुक्त विद्यापीठ, त्यांच्याच नावाने १९८९ मध्ये स्थापन झाले. हा योगायोग असेल. पण त्यातला एक भाग आपण विसरलो आहोत. यशवंतरावांच्या शिक्षणाचा आरंभ तुरुंगात झाला असे म्हटले, तरी ते पूर्ण झाले ते बाहेरच्या शाळेत आणि बाहेरच्या महाविद्यालयात. आजच्या व्यवस्थेत बाहेरचा भाग जवळपास नाहीच.

आतला भाग मात्र निश्चितच सुधारला आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहारमध्ये कारागृहातील पहिले विशेष अभ्यास केंद्र सुरू केले. त्यानंतर देशभर अशी केंद्रे उघडली. बंद्यांना शुल्कमाफी मिळाली. महाराष्ट्रात येरवडा, नागपूर, नाशिक रोड यांसारख्या मध्यवर्ती कारागृहांत या विद्यापीठाची किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रे आहेत. शिकलेला बंदी न शिकलेल्याला अक्षरे शिकवितो, परीक्षा कारागृहातच होते आणि पदवी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाधीन बंद्याला शिक्षेत ९० दिवसांची विशेष माफी मिळते. ‘माफीसाठी शिकतात’ अशी कुजबुज यावर होत असते. होत असेल तसे. बाहेरची मुले तरी नोकरीसाठीच शिकतात. हेतू शुद्ध असेल तरच शिकवू, अशी अट कोणत्याही महाविद्यालयाने घालून पाहावी, वर्ग रिकामे राहतील.

या शिक्षणाची दखल न्यायालयांनीही घेतली आहे. एका बालकाच्या अपहरण व हत्येच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेल्या महाराष्ट्रातील बंद्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये जन्मठेपेवर आणली. गुन्ह्याच्या वेळी तो बावीस वर्षांचा होता आणि अठरा वर्षे तुरुंगात होता. या काळात त्याने बी.ए. पूर्ण केले होते, कविता लिहिल्या होत्या. गुन्हा घोर होता, हे न्यायालयाने नाकारले नाही. मात्र हा माणूस सुधारू शकतो याचा पुरावा म्हणून त्याचे शिक्षण आणि त्याच्या कविता न्यायालयाने विचारात घेतल्या. पदवीने येथे माणसाचा जीव वाचविण्यास हातभार लावला, असे म्हटले तर अतिशयोक्ती ठरू नये.

तरीही ही व्यवस्था कोणासाठी आहे, हे नीट पाहिले पाहिजे. पदवीला किमान तीन वर्षे लागतात. म्हणजे ज्याची शिक्षा लांब, त्यालाच ती पूर्ण करण्याची शाश्वती. खून करून जन्मठेप भोगणारा एम.ए.पर्यंत पोचू शकतो. मारामारीच्या गुन्ह्यात दीड वर्ष जामिनाची वाट पाहणारा विद्यार्थी मात्र आपले चालू वर्षही वाचवू शकत नाही. आणि तुरुंगात गर्दी आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. महाराष्ट्रातील ४१ हजारांच्या आसपास बंद्यांतही दर पाचांत चार न्यायाधीन होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. माफी ही शिक्षेत असते, त्यामुळे माफीचे आमिषही त्यांच्यासमोर नाही.

खंडाळा तालुक्यातल्या एखाद्या गावच्या तरुणाला अटक होऊन न्यायालयीन कोठडी मिळाली, की तो बहुधा साताऱ्याच्या जिल्हा कारागृहात जातो. अभ्यास केंद्रे आहेत ती प्रामुख्याने मध्यवर्ती कारागृहांत. शिक्षा झाल्यावर येरवडा किंवा कोल्हापूरचे कळंबा येथे बदली झाली, तर केंद्र भेटते. पण तोवर महाविद्यालयातील त्याचे नाव हजेरीपटावरून गेलेले असते, परीक्षा अर्जाची मुदत टळलेली असते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे मुक्त विद्यापीठाचे ब्रीद आहे. ती गंगा बराकीपर्यंत आली खरी, पण जिल्हा कारागृहाच्या अलीकडेच तिचा कालवा संपतो. शिवाय विषयांची निवडही मर्यादित असते. प्रयोगशाळा लागणारे विज्ञान, तंत्रज्ञान दूरच. सायंकाळी बराकी बंद झाल्यावर गर्दीत, मिळेल त्या उजेडात जे वाचता येईल, तेच शिकता येते. म्हणून कला शाखेची पदवीच तेवढी सोयीची ठरते, आणि बाहेर आल्यावर तिला रोजगाराच्या बाजारात काय भाव आहे हे कला शाखेच्या कोणत्याही पदवीधराला विचारावे. त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले असण्याची गरज नाही.

नियमित महाविद्यालयात शिकण्याचा हक्क बंद्याला आहे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आला. भीमा-कोरेगाव प्रकरणात तेव्हा तळोजा कारागृहात असलेल्या एका आरोपीने विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा दिली, त्याला मुंबईच्या सिद्धार्थ विधी महाविद्यालयात जागाही मिळाली. अडले ते प्रत्यक्ष प्रवेशापाशी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला ७५ टक्के उपस्थिती लागते, असा विद्यापीठाचा आक्षेप होता. न्यायालयाने प्रवेशाची परवानगी दिली. कारावासामुळे पुढील शिक्षणाचा हक्क संपत नाही आणि रीतसर मिळालेली जागा घेण्याची संधी नाकारणे हा मूलभूत हक्काचा भंग ठरतो, ही त्या निर्णयामागची भूमिका. केरळ उच्च न्यायालय नोव्हेंबर २०२३ मध्ये याच्याही एक पाऊल पुढे गेले होते. जन्मठेप भोगणाऱ्या दोन बंद्यांना त्याने विधी महाविद्यालयाचे वर्ग ऑनलाइन करण्याची मुभा दिली. टाळेबंदीच्या काळात राज्यातील लाखो विद्यार्थ्यांनी पडद्यावरच्या वर्गांवर एक-दोन वर्षे काढली, त्या वर्षांच्या पदव्या वैध ठरल्या. मग कारागृहातील दूरदृश्य यंत्रणेवर, ज्या यंत्रणेवर रोज रिमांडच्या तारखा पार पडतात, दोन तास व्याख्यान का होऊ शकत नाही? सुरक्षेचा प्रश्न आहे. पण तो सोडविता येण्याजोगा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने त्यासाठी उच्च न्यायालयात जावे, ही अपेक्षा मात्र हास्यास्पद आहे. वकील परवडणारे बंदी किती?

न्यायाधीन बंद्यांसाठी एक मार्ग तर आपल्याकडे तयारच आहे आणि त्यावर कोणी चाललेले दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका अशी बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत येण्याची सोय सांगितली. २०२१ पासून विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवून ठेवणारी बँकही अस्तित्वात आली. हे सारे धोरण जणू कारागृहासाठीच आखले असावे इतके त्या परिस्थितीला चपखल बसते. कोण कधी सुटेल, कोणाची बदली कोठे होईल, हे जेथे सांगता येत नाही, तेथे तीन वर्षांच्या अखंड पदवीपेक्षा सहा-सहा महिन्यांचे साठवता येणारे श्रेयांक अधिक उपयोगी. साताऱ्यात मिळविलेले श्रेयांक कळंब्यात चालावेत आणि सुटकेनंतर गावाजवळच्या महाविद्यालयातही चालावेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीन बंद्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाचा मार्ग खुला केला आहे. म्हणजे अर्धवट शिकून बाहेर येणाऱ्यांची संख्या वाढण्याचाच संभव अधिक. त्यांना दारात उभे करून घेणारे कोणी हवे.

आता बाहेरच्या त्या दारांकडे वळू. महाविद्यालयात प्रवेशाला गेलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणात खंड पडलेला असेल, तर आपल्याकडे खंडाचे प्रतिज्ञापत्र, म्हणजे नेहमीच्या भाषेत गॅप सर्टिफिकेट, मागतात. मधल्या वर्षांत काय करीत होता, हे शपथेवर सांगायचे. आजारपण, शेती, घरची अडचण असे काहीही लिहिता येते. तुरुंगात होतो असे लिहिण्याचे धैर्य किती जणांना होईल? खोटे लिहावे तर शपथ खोटी. म्हणजे नव्याने सुरू होणाऱ्या आयुष्यातील पहिलाच कागद त्याला खोटे बोलण्याच्या मोहात टाकणारा. शिरवळसारख्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागायचे तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला अनेक ठिकाणी लागतो. कंत्राटी कामालाही लागतो. तेथे बी.ए.चे गुणपत्रक चारित्र्याच्या दाखल्याखाली दबून जाते.

शासकीय नोकरीचे तर विचारायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाद्वारे या विषयाची घडी बसविली. किरकोळ गुन्ह्याची माहिती दडविली गेली, तर नियोक्त्याने सारासार विचार करावा, हे त्यात आहे. पण उमेदवाराने निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती प्रामाणिकपणे दिली, तरीही त्याला नेमण्याची सक्ती नियोक्त्यावर करता येत नाही, हेही त्यातच आहे. खरे सांगणाऱ्याला नोकरीची हमी नाही आणि खोटे सांगणाऱ्याला नोकरी टिकण्याची नाही.

कायदा सर्वत्रच इतका निष्ठुर आहे, असे नाही. बालन्याय कायदा २०१५ चे कलम २४ सांगते, की विधिसंघर्षग्रस्त बालकाला त्याच्या जुन्या प्रकरणामुळे अपात्रता येऊ नये आणि नोंदीही नष्ट व्हाव्यात. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. सर्वांत बोलके उदाहरण वकिलांच्या कायद्याचे आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला वकिलीची सनद मिळत नाही. मात्र ही अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते, असे १९६१ च्या त्या कायद्याचे कलम २४-अ स्वच्छ शब्दांत म्हणते. म्हणजे न्यायालयात उभे राहण्यासाठी कायद्याने एक मुदत ठरवून दिली आहे, पण कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून उभे राहण्यासाठी अशी कोणतीही मुदत कोणी ठरविलेली नाही. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श कारागृह कायद्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचा उल्लेख आहे. तथापि, जुनी नोंद किती वर्षांनी मागे पडावी, याचे सर्वसाधारण उत्तर आपल्या कायद्यांत आजही नाही.

अमेरिकेने या बाबतीत उलटसुलट दोन्ही प्रयोग केले. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान १९९४ च्या कायद्याने तेथील कैद्यांना बंद झाले आणि तुरुंगांतील महाविद्यालये पाहता पाहता ओस पडली. २०१५ मध्ये ते प्रयोग म्हणून आणि १ जुलै २०२३ पासून पुन्हा सर्वांसाठी सुरू झाले. मधल्या काळात रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये अनेक पाहण्यांचे एकत्र विश्लेषण करून दाखविले, की तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांच्या पुन्हा तुरुंगात परतण्याची शक्यता, सांख्यिकीच्या भाषेत, ४३ टक्क्यांनी कमी असते. हा आकडा जपून वापरावा. शिकायला पुढे येणारे बंदी मुळातच सुधारण्याच्या मनःस्थितीत असणार, हे उघड आहे. तरीही २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील तुरुंगातील वादविवाद संघाने हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना हरविले, तेव्हा त्या भिंतींआड काय दडलेले असते हे जगाला दिसले. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना २०१७ ची. लुइझियाना राज्याने सार्वजनिक महाविद्यालयांच्या प्रवेश अर्जांत गुन्ह्याच्या पूर्वेतिहासाचा रकाना ठेवण्यास कायद्याने बंदी केली, लैंगिक अत्याचार आणि पाठलाग यांसारख्या गुन्ह्यांचा अपवाद ठेवून. लोकसंख्येच्या प्रमाणात अमेरिकेतील सर्वाधिक कैदी असलेल्या राज्यांपैकी ते एक आहे, हे लक्षात घ्यावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याने कोणाचा तरी मुलगा मारला, त्याला फुकट पदवी. आणि ज्या घरातला मुलगा गेला, त्या घरातली मुलगी शुल्काअभावी शिक्षण सोडते. हा संताप खोटा नाही. गावात तर दोन्ही घरे एकाच आळीत असतात. फौजदारी कायद्यात पीडितांना भरपाईची तरतूद आहे, पण ती मिळविण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे तालुक्याच्या न्यायालयाबाहेर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पीडिताच्या कुटुंबातील मुलांचे महाविद्यालयीन शुल्क शासनाने विनाअट भरावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र बंद्याचे शिक्षण बंद केल्याने त्या मुलीचे शुल्क भरले जात नाही. आणि शिक्षा संपवून तो माणूस त्याच आळीत परतणारच आहे. तो कोणत्या अवस्थेत परतावा, यात त्या आळीचेही हित गुंतलेले आहे.

या संदर्भात सातारा-सांगली परिसराला एक वारसा आहे, ज्याचा अभिमान आपण चित्रपटापुरता बाळगतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या माळरानावर कैद्यांची मोकळी वसाहत वसविली. मूळचे पोलिश अभियंता असलेले, भारतानंद या नावाने ओळखले गेलेले मॉरिस फ्रीडमन यांची त्यामागे प्रेरणा होती. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्याने बायको-मुलांसह राहावे, जमीन कसावी. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. आटपाडी तालुक्यातीलच माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तो या प्रयोगावरून. संस्थान विलीन झाले, आटपाडी सांगली जिल्ह्यात आली, वसाहत मात्र कारागृह विभागाच्या ताब्यात टिकून राहिली.

ज्या बंद्यावर विश्वास टाकून त्याला कुटुंबासह भिंतीबाहेर राहू दिले जाते, त्याला जवळच्या महाविद्यालयाच्या वर्गात बसू देण्यास कोणती अडचण असावी? आटपाडीत महाविद्यालय आहे. या भूमीत कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना रुजली. कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्याचे नाकारल्याबद्दल कोठडी काय असते, हे कर्मवीरांनीही अनुभवले होते. सकाळी शेत आणि दुपारी वर्ग, हा क्रम रयतच्या हजारो मुलांनी पाळला. स्वतंत्रपूरच्या मोजक्या बंद्यांनाही तो पाळता येईल. संख्या लहान आहे, म्हणूनच प्रयोग करणे सोपे आहे. फसला तर फार काही बिघडणार नाही, आणि साधला तर येरवडा व पैठणसारख्या ठिकाणच्या खुल्या कारागृहांना तो उचलता येईल.

यासाठी कारागृह विभागाची संमती लागेल आणि तिला वेळ लागेल. परंतु सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये ज्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या विद्यापीठाच्या हातात एक गोष्ट आजही आहे. खंडाच्या प्रतिज्ञापत्रात विद्यार्थ्याने मधल्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता एवढेच विचारावे, कारण विचारू नये आणि कारागृहातील अभ्यास केंद्रात मिळविलेले श्रेयांक इतर दूरशिक्षणाच्या श्रेयांकांप्रमाणेच पुढील वर्गाच्या प्रवेशासाठी धरावेत, असे परिपत्रक काढण्यास विधिमंडळाची गरज नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी ते निघाले, तर खंडाळ्याच्या एसटी स्थानकावर उतरणाऱ्या एखाद्याला पिशवीतील तो तिसरा कागद घेऊन प्राचार्यांच्या दालनापर्यंत तरी जाता येईल.